अंबिकाच्या मेंढीची पिल्लं

श्री खंडोबा प्रसन्न

मी, रामेश्वर मुंजाबा डोईफोडे, वय एकोणपन्नास, शिक्षण दहावी, धंदा ट्रक तोलण्याचा वजनकाटा, राहणार शेंद्रा, तालुका व जिल्हा छत्रपती संभाजीनगर (माझ्या जुन्या कागदांवर औरंगाबाद आहे, ते हेच समजावं), माझ्या मागं काय कोणाचं हे ठरवून ठेवण्यासाठी हा कागद करतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही आणि कोणी गोड बोलून लिहायला बसवलेलं नाही. काळजाच्या तीन नळ्या बंद निघाल्या आहेत आणि येत्या सोमवारी शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. काळजी नाही. कागद तेवढा राहिला होता.

काल चंपाषष्ठी झाली. शहराजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला जाऊन आलो, भंडारा लावला आणि आज पक्का कागद लिहायला घेतला. यातलं कायद्याचं आहे ते वकील करुणाताईंनी आधीच्या कच्च्या कागदावर तपासून दिलं. बाकीच्या मजकुराला त्यांनी पेन्सिलीनं कंस केले होते, म्हणाल्या, एवढं गाळलं तरी कागदाला बाध येत नाही. ते मी गाळलेलं नाही. गाळण्याबद्दल पुढं येईलच.

कलम १. माझी माणसं. पत्नी रत्नमाला. मुलगा सत्यम, वय चोवीस, बी. कॉम., माझ्यासोबत काट्यावर बसतो. मुलगी योगिनी, वय एकवीस, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. थोरले बंधू रामहरी, उस्मानपुऱ्यात राहतात, प्लॉटचे व्यवहार करतात. धाकटी बहीण अंबिका, वय पंचेचाळीस, माझ्या काट्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर एका कंपनीत ठेकेदारामार्फत झाडलोट करते. वडील मुंजाबा आणि आई दगडाबाई वारले. याशिवाय कडुबा, जो नात्यातला नाही. तो आमच्यासारखाच मेंढरामागं वाढलेला, साठीच्या पुढचा. दिवसा माझ्या काट्यावर राखण करतो. तो या कागदात मधे मधे बोलेल, कारण तो समोर असताना न बोलता राहत नाही.

कलम २. माझी मिळकत. (अ) शेंद्र्यातलं राहतं घर, खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक. (आ) औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागून सहा गुंठे बिगरशेती जागा, तिच्यावरचा साठ टनी वजनकाटा, केबिन, संगणक आणि पावत्यांचं यंत्र. (इ) पोस्टातली बचत. (ई) वडिलांचं घोंगडं, काठी आणि एक लहान सुरी.

घर माझ्या कष्टाचं आहे. काटाही माझ्या कष्टाचा, असं मी बारा वर्षं सांगत आलो. ते पुरतं खरं नाही. त्यासाठी मेंढरांपासून सुरुवात करावी लागेल.

कलम ३. आमच्या वडिलांची ऐंशीएक मेंढरं होती आणि सहा एकर कोरडवाहू जमीन होती. घरात मूल जन्मलं की वडील त्याच्या नावानं कळपातली एक मेंढी काढायचे आणि तिच्या कानाला खूण करायचे. रामहरीदादाच्या मेंढीचा उजवा कान शेंड्याला कापलेला. माझ्या मेंढीच्या डाव्या कानाला एक खाच. अंबिकाच्या मेंढीच्या डाव्या कानाला दोन खाचा. चरायला सगळी एकत्रच, पण त्या मेंढीची पिल्लं त्या मुलाची, आणि पिल्लांची पिल्लंही त्याचीच. पिल्लू पायावर उभं राहिलं की वडील सुरी घेऊन बसायचे आणि आईच्या कानाची खूण पिल्लाच्या कानाला करायचे. राख लावायचे आणि सोडून द्यायचे. लग्न होऊन अंबिका सासरी गेली तरी तिची मेंढरं आमच्या कळपातच राहिली. लोकर आणि नरांचे पैसे तिला दिवाळीला मिळायचे. तिनं कधी मागितले नाहीत आणि वडिलांनी कधी चुकवले नाहीत.

वडील २००९ साली वारले. दुसऱ्या वर्षी गावात बोलणं सुरू झालं की वसाहत आपल्या शिवेपर्यंत येणार. आई वडिलांच्या आधीच गेली होती, म्हणून जमिनीला तिघं वारस होतो, दोन भाऊ आणि एक बहीण. रामहरीदादा म्हणाले, "बहिणीकडून हक्कसोड करून घेऊ. कागदापुरतं हाय. सगळेच करतेत." खरंच सगळेच करत होते. बहिणीला नवी साडी घ्यायची, गोडाचं जेवण घालायचं, नोंदणी कचेरीत न्यायचं आणि जमिनीवरचा तिचा हक्क भावांच्या नावे सोडून घ्यायचा. आमच्या भागात याला कोणी फसवणूक म्हणत नाही. रीत म्हणतात.

कचेरीच्या पायरीवर बसून मी अंबिकाला कागद वाचून दाखवला. घरात दहावीपर्यंत मीच शिकलेलो होतो. शेवटाला दोन ओळी होत्या, की पुढं ही जमीन सरकारनं घेतली तर येणाऱ्या मोबदल्यावरही माझा हक्क राहणार नाही. तिथं आलो तेव्हा रामहरीदादांनी माझ्या पायावर पाय ठेवला. मी त्या दोन ओळी सोडून खालचं वाचलं. दादा म्हणाले, "लाव अंगठा, रांग लांब हाय." अंबिकानं सहीच्या जागी अंगठा लावला. ती लहानपणी शाळेत जात होती हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात न येणं सोयीचं होतं.

जमीन २०१२ साली गेली. पैसे दोघा भावांत आले. चराईचं रानही कुंपणात गेलं, म्हणून त्याच वर्षी कळप शहरातल्या छावणी भागातल्या जनावरांच्या बाजारात विकला. आता हे नीट वाचावं. कळप विकताना आम्ही भावांनी दोन खाचांचे कान शोधून अंबिकाची मेंढरं वेगळी काढली. चौदा निघाली. त्या चौदांचे पैसे तिच्या घरी जाऊन, चहा पिऊन, तिच्या हातात दिले. एक लंगडी होती, तिचेसुद्धा. मेंढरांत आम्ही इतके चोख, आणि दोन एकर जमीन तिच्याकडून साडीवर घेतली. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला एवढंच सापडलं की मेंढराच्या कानावर खूण होती आणि बाजारात चार लोकांना ती दिसत होती.

कलम ४. माझ्या वाट्याला तीन एकरांचे पैसे आले. त्यातला एक एकर अंबिकाचा. त्या पैशांतून मी सहा गुंठे घेतले आणि काटा बसवला.

काट्याचं काम सोपं आहे. भरलेली गाडी चढते, रिकामी होऊन परत येते, दोन वजनांतला फरक तो माल. दरवर्षी वजनमापं खात्याचे साहेब येऊन तपासतात आणि शिक्का मारतात. सकाळी मी काट्याच्या कडेला चिमूटभर भंडारा टाकतो आणि मग बटण दाबतो. कमी-जास्त वजन दाखव म्हणून लोकांनी सांगून पाहिलं, मी केलं नाही. त्याचा मला अभिमान होता. पायरीवरच्या दोन ओळी मी त्या अभिमानात धरत नव्हतो.

बारा वर्षं केबिनमध्ये बसून जे दिसलं ते लिहितो. कंपनीत पोलादाच्या पट्ट्या जातात आणि गाड्यांचे भाग बाहेर पडतात. उरलेलं भंगारही किलोवर तोलून विकलं जातं, लोखंडाचा कीससुद्धा वाया जात नाही. माल दरवर्षी वाढतो आहे. जिल्हा पुढं गेला असं जे म्हणतात ते खोटं नाही, माझ्या पावत्या त्याला साक्ष आहेत. फक्त ती वाढ कोणाच्या दारात जाऊन थांबते हे पावतीवर येत नाही. कंपनी वाढली. तिचा माल घेणारी मोठी कंपनी वाढली. रामहरीदादांनी गेलेल्या जमिनीच्या पैशांतून आजूबाजूच्या उरलेल्या जमिनी घेतल्या, ते वाढले. मी काटेवाला, मीही वाढलो. आमच्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. सुरुवात झाली तेव्हा आमच्या हातात काहीतरी होतं.

अंबिकाची सासरची शेती नावाला होती. २०१४ साली ती आणि तिचे यजमान इकडं कामाला आले, आणि ती कंपनीत झाडलोटीला लागली. आमच्या सहा एकरांवर त्या कंपनीचं गोदाम आणि कँटीन आहे. बांधावर बोरीचं झाड होतं तिथं कँटीनचं मागचं दार येतं. ती मला हसून म्हणाली होती, "लहानपणी जिथं बोरं येचली तिथं आता कागदाचे कप येचते." दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो आणि नव्या ठेकेदाराकडं ती नवी कामगार म्हणून लागते. अकरा वर्षांत ती चार वेळा नवी झाली. रिकाम्या गाडीचं वजन जसं दरवेळी तेवढंच भरतं तसा तिचा पगार आहे. यात कोणी कायदा मोडला असं मला म्हणता येत नाही. सगळ्यांच्या पावत्या बरोबर आहेत. माझीसुद्धा.

कडुबाला तर जमीनच नव्हती. तो गायरानात चारायचा. गायरान गेलं तेव्हा कोणत्याच उताऱ्यावर त्याचं नाव नव्हतं, म्हणून त्याला काही मिळालं नाही, आणि तक्रार कोणाची करायची हेही कळलं नाही. त्यानं मेंढरं विकली आणि माझ्याकडं राखणीला आला. मी पगार देतो. तो मला मालक म्हणतो. माझा बाप आणि तो एका झाडाखाली भाकरी खायचे.

कलम ५. अँजिओग्राफीचा कागद शुक्रवारी आला. शनिवारी दुपारी पहिली पाळी सुटल्यावर अंबिका नेहमीसारखी केबिनपाशी माठाचं पाणी प्यायला आली. तिची शेअर रिक्षा तिथंच थांबते. जे बोलणं झालं ते आठवतं तसं लिहितो.

मी म्हणालो, "अंबे, काट्यात तुझा वाटा हाय."

ती म्हणाली, "मागं एकदा चढले व्हते की तुझ्या काट्यावर. पन्नास दाखवलं. रेशनच्या गोणीएवढी भरले. तेवढाच माझा काटा."

"चेष्टा नको. त्या हक्कसोडीच्या कागदाचं बोलतोय."

"त्याचं आता काय?"

"मी तुला तो नीट वाचून दाखवला नव्हता."

तिनं पेला धुऊन माठावर पालथा घातला. "दोन वळी सोडल्या व्हत्या तू," ती म्हणाली. "सरकारनं जमीन घेतली तर पैशावर हक्क नाय, त्या."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगंल? तुझ्या कोपराखालून मीच वाचत व्हते. चौथी पास हाये मी, दादा. मास्तरनं पाटी दिली व्हती बक्षीस."

"मग अंगठा का लावलास? सही येत होती तर."

"सही केली असती तर तुला कळलं असतं ना, मला वाचता येतंय म्हणून. मंग माझ्या तोंडाकडं कसं बघितलं असतं तू?"

मी बाकड्यावर कडुबाशेजारी बसलो.

मी म्हणालो, "म्हणून तर वाटा घे."

"नको. मी मागितला नाय. आता घेतला तर सगळं गाव म्हणंल, भाऊ दवाखान्यात निघाला आन् बहीण वाटा काढाया आली. जमीन धरली असती तर माहेर सुटलं असतं. मी माहेर धरलं. तेवढं राहू दे."

रिक्षा आली. चढताना तिनं वळून सांगितलं, "माठ बदल. झिरपायला लागलाय."

कलम ६. घरी बोललो. सत्यमचं म्हणणं असं, "पप्पा, आत्याच्या एका एकराचे तेव्हा जे आले असते ते काढू. बँकेच्या दरानं व्याज लावू आणि चेक देऊन टाकू. काट्यात कशाला घ्यायचं? विषय संपेल." मुलगा वाईट नाही. शिकलेलं बोलला.

कडुबा तेव्हा आपली विसरलेली काठी घ्यायला आला होता. तो म्हणाला, "बाळा, एकाची मेंढी तू कळपात घातली, आन् तेरा वर्सांनी त्याला एका मेंढीचे पैसे दिले. मधली पिल्लं कोणाची?"

"बाबा, काटा म्हणजे मेंढी नाही. काट्याला पिल्लं होत नाहीत."

"व्हय का? मंग दारात गाडी उभी हाय ती कोण व्याली?"

योगिनी हसली. सत्यम हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली त्यानं बराच वेळ हातात घोळवली. रत्नमालानं रात्री भांडी आवरली. मग म्हणाली, "तुमच्या बहिणीला देताय, द्या. मी पण माझ्या भावाला अशीच सोडून दिलीय जमीन. मला कोण देणार?" तिचा भाऊ माझ्या मृत्युपत्रात येत नाही. माझ्या हातात जे आहे ते कलम ८ मध्ये केलं आहे.

करुणाताईंनी विचारलं, "मग आत्ताच बक्षीसपत्र का करत नाही?" कारण बक्षीस घेणाऱ्यानं ते स्वीकारावं लागतं आणि अंबिका स्वीकारणार नाही. मृत्युपत्राला तिला विचारावं लागत नाही. हे एक कारण. दुसरं असं की जिवंत आहे तोवर काटा माझ्या हातात असावा असं मला अजून वाटतं. देवासमोर लपत नाही ते कागदावर कशाला लपवू.

कलम ७. म्हणून मी असं ठरवतो. कलम २ (आ) मधली जागा आणि काटा यांचा तिसरा हिस्सा बहीण अंबिका हिचा. तो मी तिला देतो असं कायद्यासाठी लिहावं लागतं. खरं म्हणजे तो तिचाच होता आणि माझ्या कळपात चरत होता. तिच्या मागं तो तिच्या मुलांकडं जाईल. उरलेले दोन हिस्से रत्नमालाकडं तिच्या हयातीपर्यंत, आणि नंतर सत्यम व योगिनी यांना सारखे.

काटा सत्यमनं चालवावा. चालवणाऱ्यानं आधी आपला आणि कडुबाचा पगार काढावा, दुरुस्ती आणि कर भागवावे, आणि राहील त्याचे तीन वाटे दर महिन्याला करावेत. बसल्या मालकापेक्षा उभ्या माणसाचा पगार आधी. मी हे नेहमी पाळलं असं नाही, म्हणून लिहून ठेवतो. तिन्ही हिस्स्यांची संमती असल्याशिवाय काटा विकता येणार नाही. अंबिकाला पैसे देऊन तिचा हिस्सा मोकळा करून घेण्याची घाई कोणी करू नये. तिला स्वतःहून विकायचा असेल तर तो तिचा विचार.

तिनं झाडू सोडावा असं मी लिहीत नाही. केबिनमध्ये दुसरी खुर्ची आहे एवढंच कळवतो.

कलम ८. राहतं घर रत्नमालाचं, तिच्या हयातीपर्यंत पूर्ण हक्कानं. तिला कोणी वरच्या पत्र्याच्या खोलीत पाठवू नये. तिच्या मागं सत्यम आणि योगिनी यांना निम्मं निम्मं. पोस्टातली बचत एकट्या रत्नमालाची. तिच्या भावानं तिला जे दिलं नाही त्याची ही भरपाई नव्हे, पण या पैशांचं काय केलं हे तिला कोणी विचारू नये.

योगिनीकडून कोणीही, कधीही, कागदापुरतंसुद्धा, हक्कसोड मागू नये. सत्यमनं मागितलं तर त्याचा घरातला हिस्सा योगिनीला जाईल. करुणाताई म्हणाल्या, ही अट फार कडक झाली. सत्यम म्हणाला, "राहू द्या ताई, मी मागणारच नाही." मग कडक असून बिघडत नाही.

कलम ९. वडिलांचं घोंगडं योगिनीला. वसतिगृहात थंडी वाजते म्हणते. काठी कडुबाला द्यायचं मनात होतं, पण जो साक्षीदार होतो त्याला या कागदानं काही देता येत नाही असं कळलं. कडुबाला मी दोन्ही सांगितलं, काठी घे किंवा साक्षीदार हो. तो म्हणाला, "काठी हाय मला. सहा एकर गेलं, गायरान गेलं, वसाहत आली, एवढे कागद झाले, एकातबी माझं नाव आलं नाय. ह्यात येऊ दे." काठी काट्याच्या केबिनमध्ये राहील.

कान कापायची सुरी थोरले बंधू रामहरी यांना. तिची मूठ सैल झाली आहे. दादा, तुमच्यावर मी काही आरोप ठेवत नाही. तुम्ही पायावर पाय ठेवलात, पण तोंड माझं होतं. तुमच्या वाट्यातही अंबिकाचा एक एकर गेला आहे आणि त्यावर माझ्या मृत्युपत्राचा अधिकार चालत नाही. सुरी देवघराजवळ ठेवा. बापानं ती कशी वापरली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, तुम्ही पिल्लू धरायचात आणि मी राख आणायचो.

कलम १०. माहेर. अंबिकाला वाटा गेला म्हणून तिचं माहेर संपलं असं या घरात होता कामा नये. नागपंचमीला आणि दिवाळीला सत्यमनं स्वतः जाऊन आत्याला आणावं. फोन करून ये म्हणू नये. रत्नमालानं तिची ओटी भरावी. करुणाताई म्हणाल्या, हे कायद्यात बसत नाही, कोर्ट कोणाला बहिणीला आणायला पाठवू शकत नाही. मलाही ते माहीत आहे. म्हणून इथं मी हुकूम लिहीत नाही, विनंती लिहितो. केबिनजवळचा माठ मी कालच बदलला आहे. दर उन्हाळ्याला बदलावा.

कलम ११. मी ऑपरेशनमधून उठलो तर हा कागद तसाच राहील आणि मी तो बदलणार नाही. मधल्या काळात दर महिन्याला काट्याच्या उरलेल्या कमाईचा तिसरा वाटा वेगळ्या खात्यात जाईल. ते खातं काढलं आहे, पुस्तक देवघरात आहे. त्यातलं सगळं अंबिकाचं. मी असेपर्यंत तिला हे सांगू नये. सांगितलं तर ती काट्यावर पाणी प्यायला यायची थांबेल आणि पुढच्या चौकात रिक्षा धरेल. मी तिला ओळखतो. निदान आता ओळखतो.

उठलो नाही तर क्रियाकर्म साधं करावं. तेराव्याला मोठं जेवण घालू नये, त्या दिवशी काट्यावर येणाऱ्या ड्रायव्हर लोकांना जेवू घालावं. काटा एक दिवसापेक्षा जास्त बंद ठेवू नये. भंडारा टाकायला विसरू नये.

कलम १२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी योगिनीनं करावी. वाचन मात्र तिनं करू नये, सत्यमनंही नाही आणि वकीलबाईंनीही नाही. चौदाव्या दिवशी घरातले सगळे बसल्यावर, रामहरीदादांना समोर बसवून, हा कागद अंबिकाच्या हातात द्यावा. तिनं तो पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचावा. ती अडखळली तर थांबावं, कोणी पुढचा शब्द सांगू नये. ती म्हणेल, मला नको. तिला म्हणावं, घ्यायचं की नाही ते नंतर, आधी वाच.

तिचा हिस्सा तिच्या नावावर करताना जिथं तिची सही लागेल तिथं कोणीतरी सवयीनं शाईचं पॅड पुढं करील. ते बाजूला घ्यावं आणि पेन द्यावं.

वरचा सगळा मजकूर मी माझ्या हातानं लिहिला, परत एकदा वाचला आणि त्याखाली खालच्या दोन माणसांच्या देखत सही केली. आम्ही तिघं तेव्हा एकाच खोलीत होतो.

रामेश्वर मुंजाबा डोईफोडे
(सही)

साक्षीदार १: नानासाहेब गणपत घोडके, निवृत्त शिक्षक, राहणार शेंद्रा.
(सही)

साक्षीदार २: कडुबा लिंबाजी गाडेकर, राखणदार, राहणार शेंद्रा. यांना लिहिता-वाचता येत नाही. हा कागद यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत मी, रामेश्वरनं, स्वतः वाचून दाखवला. मधे त्यांनी दोनदा थांबवून विचारलं, "काही सोडलं तर नाय ना?" काही सोडलेलं नाही.
(डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: शेंद्रा, छत्रपती संभाजीनगर
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार, दिनांक २७ नोव्हेंबर २०२५